अतिवृष्टीचं अनुदान खात्यात पडेपर्यंत काय काय करायचं (नागपूर जिल्ह्यातल्या कास्तकारांसाठी)

सोयाबीन पाण्यात सडलं, तलाठी येऊन फोटो काढून गेले, गावात यादी लागली, बाजूच्या धुऱ्यावाल्याच्या खात्यात पैसे पडले अन् आपल्या खात्यात छदामही नाही. असं झालं की माणूस आधी तलाठ्याच्या नावानं बोंब मारतो, मग बँकेत जाऊन भांडतो, मग तहसीलच्या चकरा सुरू होतात आणि शेवटी माझ्यासारख्या सेवा केंद्रवाल्याकडं येऊन म्हणतो, भाऊ जरा ऑनलाइन बघून सांगा नं काहून अडकलं. मी काटोल साइडचा, दर सीझनला हेच बघतो. सरकार वावर बघून पैसे देत नाही, वावराबद्दल जे लिहून ठेवलंय ते बघून देते. सातबाऱ्यावर काय, पीक पाहणीत काय, पंचनाम्यात काय अन् आधार कोणत्या बँकेला जोडलंय, या चार जागी काय लिहिलंय त्यावर सगळं ठरते. म्हणून चकरा मारायच्या आधी आपलं नेमकं कोणत्या जागी अटकलंय ते शोधायचं, बाकी सगळं नंतर.

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अनुदान वेगळं, विमा वेगळा. अनुदान म्हणजे सरकारची मदत, त्याचा विम्याशी काही संबंध नाही, विमा काढला नसेल तरी मिळते. विमा म्हणजे आपण हप्ता भरलेला, तो कंपनीकडून येतो. एक रुपयावाला विमा खरीप २०२३ पासून होता तो खरीप २०२५ पासून बंद झाला, आता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का अन् नगदी पिकांना ५ टक्के असा हप्ता भरावा लागते आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर (मंडळातल्या काही निवडक वावरांत पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर) ठरते. लोक काय करतात, विमा कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवतात आणि समजतात आता सरकारचा पंचनामा पण होईल. नाही होत भाऊ. पीक विम्याचा १४४४७ हा नंबर विम्यापुरताच. सरकारी मदतीसाठी तलाठी, कृषी सहाय्यक अन् तहसील, हाच रस्ता. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी अन् कृषी सहाय्यकाला सहाय्यक कृषी अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात कोण म्हणते, मी पण इथं जुनीच नावं वापरतो.)

किती मिळते

केंद्राचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी जे निकष ठरले त्यात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळपिकाला म्हणजे आपल्या संत्रा-मोसंबीला २२,५०० रुपये, ते पण २ हेक्टरच्या मर्यादेत. आणि पीक ३३ टक्के किंवा त्याच्यावर गेलं असेल तरच. ३२ टक्के लिहिलं गेलं की भोपळा, म्हणून पंचनाम्याच्या टायमाला वावरात हजर राहणं किती महत्त्वाचं ते पुढं सांगतो.

राज्य सरकार यात कधी भर टाकते, कधी काढून घेते, म्हणून मागच्या वर्षी मामाला किती मिळाले त्यावरून आपला हिशेब लावू नका. २०२२ मध्ये राज्यानं कोरडवाहूला १३,६००, बागायतीला २७,००० अन् फळबागेला ३६,००० असं ३ हेक्टरपर्यंत दिलं होतं. मे २०२५ मध्ये ते परत ८,५००, १७,०००, २२,५०० वर आलं, मर्यादा २ हेक्टर. मग त्या पावसाळ्यात मराठवाडा-विदर्भाची जी वाट लागली त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्री फडणवीसांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात मर्यादा परत ३ हेक्टर झाली आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे. हे १०,००० वेगळ्या हप्त्यात आले, त्यामुळं पहिले पैसे आले तेव्हा गावोगाव ओरड झाली की टीव्हीवर तर साडेअठरा हजार सांगितले आणि खात्यात अर्धेच पडले. अर्धे नव्हते, ८,५०० वाला भाग आधी आला होता. तेव्हा पैसे कमी वाटले तर आधी त्या सालचा जीआर म्हणजे शासन निर्णय बघायचा, कोणत्या महिन्यातल्या नुकसानीचा आहे, किती हेक्टरची मर्यादा आहे ते त्याच्यातच लिहिलेलं असते. महाराष्ट्र शासनाच्या साइटवर शासन निर्णयात महसूल व वन विभाग निवडला की मदत व पुनर्वसनचे सगळे जीआर दिसतात, मराठीतच असतात, वाचता येतात.

आता हिशेब. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, ४० आर म्हणजे अंदाजे एक एकर. समजा दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर आर सोयाबीन पूर्ण गेलं तर ०.८१ गुणिले ८,५०० म्हणजे ६,८८५ रुपये. आणि त्याच दोन एकरात संत्र्याचा बगीचा असेल तर ०.८१ गुणिले २२,५०० म्हणजे १८,२२५. आमच्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागात हा फरक लय जणांना मार देतो, कारण बगीचा उभा आहे, आंबिया बहाराची फळं झाडाखाली सडा पडल्यावानी पडलेली आहेत, पण पीक पाहणीत बगीचा चढवलेलाच नाही, कुठंतरी जुनी कापूस-तूर चालू आहे, मग पंचनामावाला पण काय करणार, रेकॉर्डला जे आहे ते धरतो. ११,३४० रुपयांचा फटका एका नोंदीपायी.

अजून एक, नुकसान झालेल्या क्षेत्राचेच पैसे मिळतात, पूर्ण सातबाऱ्याचे नाही. चार एकरात नाल्याकाठचा एक एकर पाण्याखाली गेला तर ०.४० गुणिले ८,५०० म्हणजे ३,४०० रुपये, एवढंच. शेजाऱ्याला जास्त मिळाले म्हणून भांडण्याआधी त्याचं क्षेत्र किती धरलंय ते यादीत बघा.

याच निकषांत पिकाशिवाय पण मदत असते अन् ती मागायची राहूनच जाते. नदीकाठी वावरात तीन इंचापेक्षा जास्त गाळ-रेती साचली तर ती काढायला हेक्टरी १८,०००, जमीन खरडून वाहून गेली तर अल्प-अत्यल्पभूधारकाला हेक्टरी ४७,०००. दुधाळ गाय-म्हैस दगावली तर ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. जनावराच्या केसमध्ये पशुवैद्यकीय डॉक्टरकडून पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय पुरू नका. वीज पडून बैल गेला की माणसाचं डोकं चालत नाही, गावातले म्हणतात वास सुटेल, खड्डा खणा, आणि संध्याकाळपर्यंत बत्तीस हजाराचा पुरावा जमिनीखाली जातो. आधी तलाठ्याला फोन, मग डॉक्टर, फोटोत कानातला बिल्ला दिसला पाहिजे, मग खड्डा.

पावसाच्या आधीची कामं

ही कामं कोरड्यात करायची. पूर आल्यावर यातलं एकही पटकन होत नाही.

ई-पीक पाहणी सगळ्यात वर. २०२१ पासून आपलं पीक आपण मोबाइलवर नोंदवायचं असते, खरिपात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ॲप चालू असते, मुदत वाढते पण वाढेलच या भरवशावर राहू नका. वावरात उभं राहूनच फोटो घ्यायचा, घरी खाटेवर बसून नाही होत. खाते नंबर, गट नंबर, पीक, पेरणीची तारीख, पाण्याचं साधन, फोटो. इथं तीन गोष्टी पक्क्या बघा. एक तर सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर मिश्र पीक टाका, नुसतं सोयाबीन टाकून मोकळे होऊ नका. दुसरं, विहीर किंवा बोअर असेल तर पाण्याचं साधन भरा, ती जागा रिकामी सोडली तर आपण स्वतःच स्वतःला कोरडवाहूत टाकतो. आणि तिसरं बगीच्याचं, ते वर सांगितलंच, फळबाग निवडून झाडांची संख्या टाकायची. चुकलं तर ४८ तासात आपल्यालाच दुरुस्त करता येते, त्यानंतर तलाठ्याच्या पायऱ्या. मौदा, कुहीकडं धानाच्या बांध्यांमध्ये रेंज नसते म्हणून लोक ॲप सोडून देतात, तर तिथं माहिती भरून फोटो काढून ठेवायचा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड मारायचं, फक्त अपलोड करायला विसरायचं नाही.

नंतर फार्मर आयडी, म्हणजे ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक. १५ जुलै २०२५ पासून नुकसानीच्या मदतीला तो लागतो. बऱ्याच जणांनी तो घाईघाईत काढलाय आणि त्याच्यात एकच गट जोडलाय, गावात तीन तुकडे असतील तर तिन्ही जोडलेले पाहिजेत, दुसऱ्या गावात वावर असेल तर ते पण. आपल्या केंद्रावर जाऊन एकदा उघडून बघायला पाच मिनिट लागतात.

वारसाचं काम अनेकांचं बाकी असते. वडील जाऊन वर्षं झाली आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर, मग यादीत नाव वडिलांचं, आधार लागते वडिलांचं, आणि तो पैसा तसाच लटकतो. २०२५ मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली ती याच्यासाठीच. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडं वारस नोंद लावा. भाऊबंदकीत वाटणी अडली असेल तर निदान वारसांची नावं तरी चढवा, वाटणीचं भांडण मग आरामात करा.

सामायिक खातं असेल तर पैसे एकाच्या खात्यात घ्यायचे आणि बाकीच्यांनी संमतीपत्र द्यायचं, असं चालते. हे संमतीपत्र पाऊस येण्याआधी बोलून ठेवा, कारण पुण्याला राहणारा भाऊ ऐन वेळी फोन उचलत नाही आणि नागपूरला राहणारी बहीण म्हणते मला पण हिस्सा पाहिजे. संमतीपत्र साध्या कागदावर चालते की स्टॅम्पवर पाहिजे ते तलाठ्याला विचारूनच ५०० रुपयाचा स्टॅम्प घ्या, उगाच आधी खर्च नको.

ठेक्यानं किंवा बटईनं वाहणाऱ्यांसाठी स्पष्टच सांगतो, पैसे सातबाऱ्यावरच्या माणसाच्या खात्यात जातात. बी तुमचं, खत तुमचं, फवारणी तुमची, पण अनुदान मालकाचं. हे चांगलं नाहीच, पण आजची परिस्थिती अशी आहे. म्हणून गुढीपाडव्याला ठेका ठरवतानाच चार लोकांसमोर बोलून घ्या की अनुदान आलं तर कोणाचं, जमलं तर लिहूनच ठेवा.

आता बँक, अन् इथं जरा सावकाश वाचा. आधार बँकेला लिंक असणं वेगळं आणि डीबीटीला (सरकारचा पैसा थेट खात्यात येते त्या पद्धतीला) जोडलेलं असणं वेगळं. तुमचं आधार चार बँकांमध्ये दिलेलं असू शकते पण सरकारचा पैसा एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत जी बँक शेवटची जोडलेली आहे तिच्यातच जातो. २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या वेळी लय बायांनी पोस्टात नवीन खाती काढली आणि आधार तिकडं जोडलं, आता शेत त्यांच्या नावावर असेल तर अनुदान पोस्टाच्या खात्यात पडते आणि घरचे जिल्हा बँकेचं पासबुक घेऊन प्रिंट मारत बसतात. पैसे आलेले असतात बरं का! फक्त दुसऱ्या घरी. आधारच्या साइटवर माय आधारमध्ये ओटीपी टाकून लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस म्हणून एक ऑप्शन आहे, तिथं बँकेचं नाव अन् ॲक्टिव्ह आहे का ते दिसते. ते बघून कागदावर लिहून ठेवा. खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर ते निष्क्रिय होते, शंभर रुपये टाका, काढा, केवायसीचे कागद द्या, जिवंत ठेवा.

पाऊस पडला त्या दिवशी

अतिवृष्टी म्हणजे आपल्या महसूल मंडळात २४ तासात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. आता हा पाऊस मोजते ते यंत्र मंडळाच्या गावाला, आणि ढग फुटतो आपल्या शिवारात. यंत्रावर ४० मिलिमीटर आणि आपल्या वावरात कमरेएवढं पाणी, असं दर वर्षी कुठं ना कुठं होतेच. महारेनच्या साइटवर मंडळाप्रमाणं रोजचा पाऊस दिसतो तो बघून घ्या. ६५ च्या वर असेल तर अर्जात तारीख अन् आकडा टाका. कमी असेल तर अर्ज सोडून देऊ नका, नाल्याचं किंवा नदीचं पाणी शिरलं असेल तर पूर म्हणून लिहा, कारण पूर ही आपत्ती आहेच, गारपीट पण आहे, आणि २०२३ मध्ये राज्यानं सततचा पाऊस पण यादीत घातला. २०२० च्या ऑगस्ट अखेरीला पेंच-कन्हानला जो महापूर आला तेव्हा पारशिवनी, कामठी, मौद्याच्या नदीकाठच्या गावांमध्ये पाणी आलं ते वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळं, आपल्या गावात किती मिलिमीटर पडला याच्यावर काहीच अवलंबून नव्हतं.

पाणी असतानाच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी पाणी उतरते, तिसऱ्या दिवशी ऊन पडते, चौथ्या दिवशी पऱ्हाटी (कपाशी) लांबून हिरवी दिसते आणि मुळं खाली सडलेली असतात. मोबाइलमध्ये फोटोवर जागा-तारीख छापणारं कॅमेऱ्याचं ॲप येते, ते वापरा. एक फोटो असा की धुरा, झाड, विहीर काहीतरी ओळखीचं दिसलं पाहिजे, एक जवळून पिकाचा, उपटलेल्या झाडाच्या मुळाचा, आणि एक तुम्ही स्वतः वावरात उभे. व्हिडिओ असेल तर उत्तम, बोलत बोलत गट नंबर सांगा.

मग साध्या कागदावर तहसीलदाराच्या नावानं अर्ज. गाव, गट नंबर, खाते नंबर, पीक, एकूण क्षेत्र, नुकसान झालेलं क्षेत्र, कोणत्या तारखेचा पाऊस, मोबाइल नंबर. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. तो शिक्का पुढं सगळीकडं कामी येतो, व्हॉट्सॲपवर तलाठ्याला पाठवलेला मेसेज नाही येत. तलाठ्याला फोटो पाठवायला हरकत नाही, पाठवाच, पण शिक्क्याची कॉपी पाहिजे म्हणजे पाहिजे. जीवाला धोका असेल, पाण्यात कोणी अडकलं असेल तर १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर, तिथं आधी फोन, अर्जबिर्ज नंतर.

पंचनामा

तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक मिळून संयुक्त पंचनामा करतात. एका तलाठ्याकडं कितीतरी गावं असतात, तो प्रत्येक वावरात पायी येईल हे होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, रस्त्यावर गाडी लावून दहा वावरांकडं बोट दाखवून लिहिणारे पण आहेत आणि चिखलात गुडघ्याएवढं उतरून आतपर्यंत जाणारे पण आहेत, मी दोन्ही बघितलेत. आपण एवढंच करायचं की ज्या दिवशी गावात येणार ते कोतवालाला विचारून ठेवायचं आणि त्या दिवशी वावरात हजर राहायचं. धुऱ्यावरून सोयाबीन बरं दिसते, आत मधात नेऊन दाखवा, शेंगा फोडून दाखवा, कोंब आलेले दाणे हातावर द्या. भांडू नका. काय लिहिलं ते विचारा, क्षेत्र किती, टक्के किती, पीक कोणतं, कोरडवाहू की बागायत. सही करायच्या आधी वाचा, कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

आता ई-पंचनामा पण आलाय. त्याची सुरुवात २०२३ मध्ये आपल्याच नागपूर विभागात प्रायोगिक म्हणून झाली, ॲप बनवलं ते आपल्या इथल्या व्हीएनआयटी परिसरातल्या एमआरसॅकनं म्हणजे सॅटेलाइटवाल्या सरकारी संस्थेनं. मोबाइलवर जागेसकट फोटो घेतात आणि ई-पीक पाहणीच्या नोंदीशी जुळवतात. म्हणूनच मी वर पीक पाहणीच्या मागं एवढा लागलो, तिथं सोयाबीन आणि वावरात कापूस असेल तर इथं जुळणारच नाही.

यादी, व्हीके नंबर आणि अंगठा

पंचनामे झाले की तलाठी यादी बनवतात, तहसीलदार मंजूर करून ऑनलाइन चढवतात आणि प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक पडतो, त्यालाच सगळे व्हीके नंबर म्हणतात. यादी ग्रामपंचायतीत नाहीतर तलाठी कार्यालयात लागते, आजकाल गावाच्या ग्रुपवर पीडीएफ पण येते. नुसतं नाव बघून खूश होऊ नका, नावाच्या ओळीत क्षेत्र, गट अन् रक्कम पण बघा. आणि दुसऱ्यांची नावं पण वाचा! जालना जिल्ह्यात बोगस नावं घालून अनुदान उचलल्याचा घोटाळा २०२५ मध्ये बाहेर आला, गावात ज्याचं वावरच नाही त्याचं नाव यादीत असेल तर ते गावकऱ्यांनाच सगळ्यात आधी कळू शकते.

नंबर मिळाला की आधार कार्ड, मोबाइल अन् तो नंबर घेऊन सेवा केंद्रावर या, ई-केवायसी म्हणजे आधारवर अंगठा लावून ओळख पटवणं होते. ज्यांचा फार्मर आयडी आहे आणि माहिती जुळते त्यांना २०२५ च्या मदतीवेळी सरकारनं यातून सूट दिली होती, पण यादीत तुमच्या नावापुढं केवायसी बाकी दिसत असेल तर मला फार्मर आयडी आहे म्हणून घरी बसू नका, येऊन करून टाका. स्क्रीनवर नाव, क्षेत्र, रक्कम दिसते. ते बरोबर असेल तरच अंगठा लावा. चूक असेल तर तिथंच असहमत म्हणून तक्रार टाकता येते, ती तहसीलला जाते. आमच्यासारखे केंद्रवाले गर्दीत घाई करतात, अंगठा लावा अंगठा लावा म्हणतात, तुम्ही म्हणायचं थांब भाऊ, आधी वाचून दाखव. आणि पावती घ्यायची.

अंगठा न उमटण्याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना फार होते. आयुष्यभर वखर-डवरं धरलेली बोटं, वरच्या रेषाच घासून गेलेल्या, कापूस वेचणीच्या दिवसात तर बोंडाची टोकं लागून चिरा पडलेल्या. मशीनवर ठेवलं की लाल. लुगड्याला पुसून परत ठेवलं की परत लाल. घाबरायचं नाही, कोमट पाण्यानं हात धुवायचे, कोरडे करायचे, बोट लय सुकं असेल तर जरासा ओलावा, आणि दहाही बोटं लावून बघायची, अंगठाच पाहिजे असं काही नाही. तरी नाही झालं तर डोळ्याचं मशीन असलेलं केंद्र शोधा. आणि पाऊसपाणी नसताना कधीतरी आधार केंद्रावर नेऊन बोटं नवीन करून आणा, उन्हाळ्यात केलेलं बरं, तेव्हा बोटं पण बरी असतात आणि गर्दी पण कमी.

सगळं झालं तरी पैसे नाही आले

आता आपण कुठं अटकलो ते ओळखायची वेळ. यादीत नावच नाही तर प्रश्न पंचनाम्याचा आहे, तलाठी अन् तहसील बघतील, बँकेत जाऊन काही उपयोग नाही. यादीत नाव आहे पण केवायसी बाकी, तर केंद्र. केवायसी झालंय आणि पेमेंट फेल दाखवते, तर बँक अन् आधार सीडिंग, तिथं तलाठी काय करणार. पेमेंट झालं दाखवते आणि पासबुकात नाही, तर ते दुसऱ्या बँकेत पडलंय, सीडिंग स्टेटस बघा. पेमेंट फेल वाल्यांनी बँकेत आधार नव्यानं जोडल्यावर तहसीलमधल्या नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर कळवायला विसरू नका, पैसे परत पाठवावे लागतात ते तिथूनच.

बँकेनं कर्जात वळते केले तर काय, हा प्रश्न पण असतोच. जीआरमध्ये साधारण स्पष्ट लिहिलेलं असते की ही मदत कर्ज खात्यात किंवा दुसऱ्या कुठल्या वसुलीत वळती करायची नाही. त्या जीआरची प्रिंट काढा, ती ओळ पेनानं अधोरेखित करा अन् मॅनेजरसमोर ठेवून लेखी अर्ज द्या, तोंडी बोलू नका. नाही ऐकलं तर तो अर्ज जोडून तहसीलदार आणि जिल्हाधिकारी.

तहसीलला पोच घेऊन अर्ज दिला आणि हालचाल नाही तर पुढं उपविभागीय अधिकारी. जिल्हाधिकारी कार्यालयात सिव्हिल लाइन्सला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, आपले सरकारवर ऑनलाइन तक्रार पण होते, त्यांचा टोल फ्री १८०० १२० ८०४०. पण माझा अनुभव म्हणाल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज सगळ्यात लवकर जागं करतो. १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तो पण नाही, आणि ३० दिवसात उत्तर द्यावं लागते. त्यात माझे पैसे काहून नाही आले असं भांडण लिहू नका, तसं लिहिलं की उत्तर टोलवतात. मागायचं ते कागद मागा: माझ्या गट नंबरच्या पंचनाम्याची प्रत, गावाच्या मंजूर यादीची प्रत, माझ्या व्हीके नंबरची आजची पेमेंट स्थिती, आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही केली त्याची नोंद. अर्जाला शिक्कावाल्या कॉपीची झेरॉक्स जोडा.

एक राहिलंच. पैशाच्या दिवसात व्हॉट्सॲपवर नुकसान भरपाई यादी म्हणून एपीके नावाची फाइल फिरते, ती दाबली की मोबाइलमध्ये भलतंच ॲप बसते. दाबू नका. यादी पीडीएफ असते, नाहीतर कागदावर, ती बघायला कुठलंच ॲप टाकावं लागत नाही. आणि अनुदान मंजूर करून देतो म्हणून फोनवर ओटीपी मागणारा कोणीही असो, तहसीलचा माणूस आहे म्हणून सांगो की बँकेचा, फोन ठेवून द्यायचा, आणि चुकून फाइल दाबल्या गेली असेल तर लगेच बँकेत सांगून खातं गोठवायचं अन् सायबरच्या १९३० वर फोन मारायचा.